वर माळ्यावर, मागे परसात

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसास लांबलचक शब्दांचे भय फारसे वाटत नाही. ते तो पाठ करतो आणि परीक्षेत योग्य जागी योजूनही दाखवितो. त्याची खरी अडचण होते ती अप, डाउन, इन, आउट, ओव्हर, बॅक अशा दोन-चार अक्षरांच्या शब्दांपाशी. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 मध्ये आपला प्रसिद्ध कोश सिद्ध केला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी या शब्दांची दखल घेतली होती. क्रियापदामागे असा एखादा लहान शब्द जोडून अर्थ पालटण्याची इंग्रजीची जी रीत आहे, तीच परकीयांना सर्वांत अधिक घोटाळ्यात टाकते, असे त्यांचे निरीक्षण होते. क्रियापदांच्या बाबतीत जे खरे, ते स्थळ दाखविण्याच्या बाबतीतही खरे आहे.

एखाद्या इंग्रजी घरात कोणी विचारले, की ती जुनी पेटी कोठे आहे, तर उत्तर बहुधा येईल: 'अप इन द लॉफ्ट'. आपला विद्यार्थी मात्र म्हणेल: 'इन द लॉफ्ट'. त्याच्या बोलण्यात व्याकरणाची चूक काढता येणार नाही. परंतु ऐकणाऱ्यास ते पुस्तकातून वाचून दाखविल्यासारखे वाटेल. मग त्या 'अप'चे काम काय? माळा हा नेहमी वरच असतो. तो वर आहे हे वेगळे सांगण्याचे कारण काय?

या प्रश्नाचे उत्तर व्याकरणाच्या ग्रंथात शोधण्यापूर्वी स्वतःच्या घरात शोधावे. पेटी कोठे आहे असे मुलाने विचारले, तर मराठी आई 'माळ्यावर आहे' एवढेच क्वचित म्हणते. ती म्हणते, 'वर माळ्यावर आहे बघ.' आजोबा 'मागे परसात' असतात, आजी 'आत माजघरात' असते, पाहुणे 'बाहेर ओसरीवर' बसतात आणि मुले 'खाली अंगणात' खेळतात. परस घराच्या मागेच असते आणि माजघर आतच असते, हे कोणास ठाऊक नसते? तरीही तो पहिला शब्द व्यर्थ नव्हे. 'वर' या शब्दाने ऐकणाऱ्याची मान वळते, 'मागे' या शब्दाने त्याचे पाऊल वळते. आणि मग दुसरा शब्द त्यास नेमक्या जागी नेऊन पोहोचवितो. आधी दिशा, नंतर मुक्काम, अशी ही रचना आहे. इंग्रजीची रचना हुबेहूब हीच आहे. 'आउट इन द गार्डन', 'डाउन इन द सेलर', 'बॅक अ‍ॅट द ऑफिस' हे सारे प्रयोग आपल्या 'मागे परसात'चे सख्खे भाऊ होत. जी गोष्ट मराठी मूल चौथ्या-पाचव्या वर्षी सहज करते, तीच त्याला पुढे शाळेत परकी म्हणून अवघड वाटावी, हे नवल आहे.

हेच लहान शब्द 'हिअर' आणि 'देअर' यांच्याशी जोडले जातात, तेव्हा अर्थ आणखी सूक्ष्म होतो. 'हिअर' किंवा 'देअर' यांवरून जागा बोलणाऱ्याच्या बाजूची की दूरची, हे कळते. त्यापूर्वीचा शब्द त्या जागेची दिशा सांगतो. अंगणातला मनुष्य गच्चीकडे बोट दाखवून 'अप देअर' म्हणतो. गच्चीवरचा मनुष्य त्याच गच्चीस 'अप हिअर' म्हणतो. तो स्वतः वर उभा आहे. त्याच्या दृष्टीने ती जागा 'वर' नाही, ती पायांखाली आहे. तरीही तो 'अप' म्हणतो, कारण खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांनी तो स्वतःकडे पाहतो. विहिरीत पडलेला मनुष्य 'डाउन हिअर' अशी हाक देतो, कोंडलेला मनुष्य 'इन हिअर' म्हणून दार ठोठावतो. या दोन शब्दांत शोधणाऱ्यास दिशाही मिळते आणि आवाज देणारा तेथेच आहे हेही कळते. अशा वेळी जो केवळ 'हिअर' म्हणेल, त्याने अर्धेच सांगितले असे होईल.

शब्दांच्या क्रमाविषयी मात्र इंग्रजी आपल्यापेक्षा कडक आहे. मराठीत 'तिथे वर' आणि 'वर तिथे' हे दोन्ही चालतात. इंग्रजीत 'अप देअर' ही एकजीव जोडी आहे. 'देअर' आधी आणावयाचा तर मध्ये थांबून पुढचे निराळे सांगावे लागते. साखळी लांबली तरी क्रम सुटत नाही. पेटी पुन्हा जागेवर ठेवली असे सांगताना इंग्रज ती 'बॅक अप देअर इन द लॉफ्ट' ठेवली असे म्हणेल. प्रथम परतणे, मग चढणे, मग 'तेथे', आणि शेवटी नेमकी जागा. ऐकणारा जणू बोलणाऱ्याच्या मागोमाग जिना चढतो.

'ओव्हर'ची गोष्ट थोडी वेगळी आहे. मराठीत 'तिथे', 'तिकडे' आणि 'तिथून' असे तीन शब्द आहेत. इंग्रजीतही पूर्वी 'देअर', 'दिदर' आणि 'देन्स' असे त्रिकूट होते. त्यांतील शेवटचे दोन बोलण्यातून गेले, आणि 'तिथे' व 'तिकडे' या दोहोंचा भार एकट्या 'देअर'वर पडला. 'तिकडे' म्हणताना आपल्या मनात मधले अंतर असते. ते अंतर इंग्रजीत बहुधा 'ओव्हर देअर'मधील 'ओव्हर' सुचविते. ते अंतर खोलीच्या दोन कोपऱ्यांमधले असेल किंवा एका महासागराचे. पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, अमेरिकेत जॉर्ज कोहन यांचे जे गीत गाजले, त्याचे नावच 'ओव्हर देअर' होते. आणि तेथे 'तिकडे' म्हणजे अटलांटिकपलीकडील युरोपची रणभूमी.

येथवर घरचे भाषाज्ञान पुरते. पुढे मात्र इतिहास जाणून घ्यावा लागतो. कारण 'अप' म्हणजे प्रत्येक वेळी चढ नव्हे आणि 'डाउन' म्हणजे उतार नव्हे. इंग्लंडात ऑक्सफर्डला शिकावयास जाणारा विद्यार्थी, मग तो लंडनहून निघालेला का असेना, 'अप' जातो. आणि ज्यास विद्यापीठातून काढून टाकतात, त्यास 'डाउन' पाठविले असे म्हणतात. येथे उंची प्रतिष्ठेची आहे. अमेरिकेतील मेन राज्याचा किनारा 'डाउन ईस्ट' म्हणून ओळखला जातो, कारण शिडाची जहाजे बॉस्टनकडून वाऱ्याबरोबर पूर्वेस तिकडे जात. म्हणूनच मेनचे लोक दक्षिणेकडील बॉस्टनला जातानाही 'अप' जातात. न्यूयॉर्क शहर मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण टोकापासून उत्तरेकडे वाढले. जुना व्यापारी भाग खाली राहिला आणि 'डाउनटाउन' हा शब्द रूढ झाला. पुढे तो इतर शहरांनीही, उत्तर-दक्षिणेचा विचार न करता, उचलला. वसाहतकारांची वाट पूर्वेकडून पश्चिमेकडे गेली, म्हणून अमेरिकन माणूस 'आउट वेस्ट' जातो आणि 'बॅक ईस्ट' परततो. गाड्या केव्हाच थांबल्या, वाट मात्र शब्दांत राहिली.

याचा एक दाखला महाराष्ट्रातच आहे. ब्रिटनमध्ये लंडनकडे जाणारी गाडी सामान्यतः 'अप' मानली जाते. तीच रीत रेल्वेबरोबर आपल्याकडे आली आणि मुंबईकडे जाणारा मार्ग 'अप' ठरला. त्यामुळे पुण्याहून निघालेली गाडी लोणावळ्यापुढे बोरघाट उतरत उतरत समुद्रसपाटीकडे येते, आणि तरीही ती धावते 'अप' मार्गावर. याचे हसू येण्याचे कारण नाही. कचेरीतील फाइल त्याच मजल्यावरच्या शेजारच्या दालनात गेली, तरी ती 'वर गेली' असेच आपण म्हणतो, आणि आदेशही 'वरून' येतात.

तेव्हा शिकणाऱ्याने या जोड्यांच्या याद्या पाठ करण्यात दिवस घालवू नयेत. शिकविणाऱ्यांनीही 'इन' म्हणजे 'आत' आणि 'अप' म्हणजे 'वर' एवढे सांगून थांबू नये. दोन प्रश्न विचारावेत: बोलणारा कोठे उभा आहे, आणि तेथून त्या जागेची वाट त्याच्या मनात कशी जाते? नंतर हेच आपल्या घरी कसे म्हटले असते, ते आठवावे. पुष्कळदा उत्तर तेथेच सापडेल. परभाषेच्या भीतीने ज्या बोलीस आपण अडाणी समजून बाजूस सारतो, तीच अनेकदा त्या परभाषेची किल्ली असते. आणि ती किल्ली दूर कोठे नसते, ती आत माजघरातच असते.