चातुर्मासातील चतुर
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



गेल्या आश्विनात एका रविवारी पाठशाळेतील बारा मुलांसह मी कोल्हापूरच्या कळंबा तलावावर गेलो होतो. पक्षी पाहावेत, एवढाच हेतू. उजाडता उजाडता टिबुकलीने बुडी मारली व ती दूरवर वर आली. काठावर ध्यानस्थ बसलेला मातकट वंचक आमच्या चाहुलीने उडाला आणि त्याचे शुभ्र पंख पाहून मुले चकित झाली.

ऊन चढले, पक्षी आडोशाला गेले आणि काठावरच्या गवतावर चतुर भिरभिरू लागले. एका मुलाने चतुर पकडून शेपटीला बांधण्यासाठी दोरा मागितला. मी रागावणार होतो. परंतु बालपणी हेच पाप माझ्याही हातून घडले आहे. म्हणून एवढेच म्हणालो, "बाळ, आधी त्याचे डोळे पाहा." हजारो सूक्ष्म भिंगांचे ते डोळे त्याने निरखून पाहिले आणि आपण होऊन चिमूट सोडली.

तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी भुंग्याची गणना चार इंद्रियांच्या जीवांत केली आहे. चतुरही त्याच पंक्तीतला. त्याचे बालपण पाण्यात, डासांच्या अळ्या खाण्यात जाते. मग तो गवताच्या काडीवर चढतो, कात टाकतो आणि आकाशात झेपावतो. पावसाळ्यात थव्यांनी दिसणारा पिवळसर चतुर ऑक्टोबरमध्ये मालदीव बेटांवर उतरतो. तो भारतातून समुद्र ओलांडून येतो व पुढे आफ्रिकेकडे जातो, असे प्रतिपादन चार्ल्स अँडरसन या शास्त्रज्ञांनी २००९ साली केले.

इतक्यात वेड्या राघूने एक चतुर टिपला. "मग राघू पापी का?" एका मुलीने विचारले. मी म्हणालो, "त्याला उदरनिर्वाहाचा दुसरा मार्ग नाही. आपल्याला आहे, म्हणून दायित्वही आपले आहे."

पावसाळ्यात जीवोत्पत्ती वाढते, म्हणून मुनिराज विहार थांबवून चातुर्मास करतात. आपणही पाणी गाळतो आणि गाळणीवरचे जीव पुन्हा त्याच जलाशयात सोडतो. मात्र ज्या काठाच्या आधारावर ते जगतात, तो काठच आपण स्वच्छतेच्या नावाखाली नाहीसा करतो. नकळत घडणारी हीदेखील हिंसाच नव्हे काय?

सुवर्णमहोत्सवानिमित्त संस्थेच्या आवारातील तळ्याच्या चारही बाजूंना फरसबंदी करण्याचा विचार आहे. माझी विश्वस्तांना नम्र विनंती आहे की, तीन बाजू अवश्य बांधाव्यात. चौथी बाजू मातीची व गवताची राहू द्यावी. थोडे अव्यवस्थित दिसेल, परंतु पुढील चातुर्मासात त्या गवताच्या काडीवर एखादा चतुर कात टाकील, आणि आपल्या पाठशाळेची मुले दोरा न मागता त्याच्याकडे पाहत उभी राहतील. पन्नास वर्षे आपण येथे अहिंसेचा पाठ शिकवीत आलो, त्याची याहून चांगली परीक्षा कोणती?

जय जिनेंद्र.