पिल्लू आणण्यापूर्वी वही काढा

(विद्यार्थी शिबिरात संस्थेतर्फे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कुत्रा पाळण्याचा जमाखर्च हा विषय ऐकून काही ज्येष्ठांनी नाक मुरडले. त्यांची अढी आम्हाला समजते. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी जनावरांना खुले होते आणि आपल्या माणसांना तिथे मज्जाव होता, म्हणून तर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना तिथे ओंजळ भरावी लागली. पण त्यात कुत्र्याचा दोष नव्हता आणि बाबासाहेबांनीही तो धरला नाही. राजगृहातील फेब्रुवारी १९३४ चे छायाचित्र पाहा. बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, वहिनी लक्ष्मीबाई, पुतणे मुकुंदराव, आणि त्यांच्यासोबत आवडता कुत्रा टॉबी.

आता आपल्या वाडीतही पिल्ले येऊ लागली आहेत. मालवणात पिल्लू फुकट मिळते; भाताची खरवड आणि बांगड्याची डोकी घातली की कुत्रा वाढतो, असा समज आहे. ठीक आहे, हिशेब मांडू. रोज पाव किलो तांदूळ, किलोला ४० रुपये धरले, तर वर्षाला ३,६५० रुपये. बांगड्याची डोकी फुकट, हेही मान्य. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या ६१ दिवसांत रोज दोन अंडी, सात रुपयांप्रमाणे, ८५४ रुपये. लसी, जंताचे औषध, गोचिडांचे औषध मिळून अडीच हजार धरा. एकूण ७,००४. कुत्रा बारा वर्षे जगला तर चौऱ्याऐंशी हजार, तेही भाववाढ आणि आजारपण सोडून. आठवीत आणलेले पिल्लू तुमच्या पंचविशीपर्यंत घरात असते. तुम्ही शिकायला मुंबईला जाल. त्याला भात घालणारी आई इथेच राहील. तिला आधी विचारले का?

खरी अडचण रकमेपेक्षा हंगामाची आहे. जूनमध्ये होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, तारकर्लीचे पर्यटक गेलेले, किल्ल्याची होडी बंद, आणि त्याच महिन्यात वह्या-पुस्तके घ्यायची. गोचीड वाढतात त्याही पावसातच. लेप्टो म्हणजे काय हे भातशेतीत राबणाऱ्यांना सांगायला नको. तो कुत्र्यालाही होतो. म्हणजे मिळकत नसते तेव्हाच कुत्रा जास्त मागतो. यासाठी अंडी आणि औषधांचे ३,३५४ रुपये ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत, महिना ४२० प्रमाणे, बाजूला काढावेत.

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक उपभोगासाठी, दोन व्यवसायात, चौथा संकटकाळासाठी राखीव. कुत्र्याचा रोजचा खर्च पहिल्या भागातला. त्याचे आजारपण आले तर चौथ्यातला. मुलीची फी अडवून कुत्रा पोसू नये. आणि मुंबईहून मे महिन्यात जातिवंत पिल्लू आणून जूनमध्ये म्हाताऱ्यांच्या गळ्यात टाकून जाणाऱ्या चाकरमान्यांना आमचे सांगणे आहे, की असले प्रेम सोबत परत न्यावे.

पैसे कमी पडले की पहिली काट बसते ती लसीला. भात थांबला तर कुत्रा भुंकतो. लस थांबली तर कुणी भुंकत नाही. हे आम्ही अनुभवाने सांगतो. विहाराच्या आवारात आम्हीच एक कुत्रा ठेवला होता. पिल्लू असताना सहा-आठ आठवड्यांची पहिली लस, तीन-चार आठवड्यांनी दुसरी, तीन महिन्यांनंतर रेबीजची, सगळे नीट झाले. पण रेबीजची लस पुढे दरवर्षी द्यायची असते. जमाखर्चात त्याचे कलमच नव्हते. खाणे 'किरकोळ'मध्ये जाई. दुसऱ्या वर्षी लस राहिली, आणि बालवाडीला येणाऱ्या एका मुलाला तो चावला.

मुलाच्या आईने जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतली. चुना-हळद लावू दिली नाही. त्याच दिवशी तिने सरकारी दवाखाना गाठला. शाबास त्या माउलीची! रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. मुलगा ठणठणीत आहे, कुत्राही पुढे निरोगी राहिला. लस तिथे मोफत मिळाली, पण ठरलेल्या तारखांना फेऱ्या मारताना तिची मजुरी बुडाली, एसटीचे भाडे गेले. आम्ही वाचवलेले लसीचे पैसे तिने भरले. आम्ही ते नंतर परत केले, पण रजा तिची गेली आणि झोपही तिचीच उडाली.

यंदाच्या स्मरणिकेत जमाखर्चाचे पान आहे. त्यात 'किरकोळ'च्या वर 'कुत्रा' असे वेगळे कलम घातले आहे. लसीची तारीख शेजारी लिहिली आहे. विद्यार्थ्यांनी ते पाहावे आणि तारीख उलटून गेलेली दिसली तर कोषाध्यक्षांना भर सभेत विचारावे.