मूर्तिजापूरचा सांधा



स्पर्धेवाचून प्रगती नाही, असे हल्ली जो तो सांगतो. दुकानांपुरते ते खरे असेल. दळणवळणाच्या जाळ्यांना ते कितपत लागू पडते, हे पाहण्यासाठी आपण अकोल्याहून फार लांब जाणार नाही, मूर्तिजापूरलाच उतरू.

जी.आय.पी. रेल्वे १८६७ साली नागपुरास पोहोचली. पुढे मूर्तिजापुराहून १९०३ मध्ये यवतमाळकडे व १९१३ मध्ये अचलपुराकडे अरुंद रुळांचे दोन फाटे निघाले. आपली शकुंतला ती हीच. मार्ग सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा, पण गाड्या चालवी जी.आय.पी. यवतमाळच्या कापसाला मुंबई हवी होती आणि मोठ्या रेल्वेला कापूस हवा होता. धाकटीने ईर्षेने मुंबईपर्यंत स्वतःचे रूळ टाकायचे मनात आणले असते, तर ती कर्जात बुडाली असती. थोरलीने तिला सांधा नाकारला असता, तर तिच्याच वाघिणींना माल कमी मिळाला असता. रुळांची लांबी कितीही असो, जाळ्याचे मोल ते किती गावांना गाठून देते यावर ठरते.

इंग्लंडातील रेल्वे कंपन्यांनी हे लवकर ओळखले. १८४२ साली त्यांनी लंडनमध्ये हिशेबाची एक सामाईक कचेरी काढली. उतारू एकाच तिकिटावर तीन कंपन्यांच्या रुळांवरून जाई आणि पैशांची वाटणी ती कचेरी करी. मालकी मात्र ज्याची त्याची राहिली.

आमच्या शकुंतलेचे सहकार्य अर्धेच होते. तिचे रूळ अडीच फुटांचे, थोरलीचे साडेपाच फुटांचे! करार कागदावर जुळला, रूळ जुळले नाहीत. मूर्तिजापुरात प्रत्येक गाठ उतरवायची आणि पुन्हा चढवायची. मालमोटारी आल्यावर ही हमाली कोण सोसणार? मार्गाची डागडुजी रखडली, मालकीचे त्रांगडे राहिले, हीही कारणे आहेतच. पण आज ती गाडी धावत नाही.

याउलट इंटरनेट पाहा. त्याला एक मालक नाही. हजारो स्वतंत्र जाळी त्यात आहेत, आणि १९८३ साली मूळच्या अमेरिकन जाळ्याने जी सामाईक बोली पत्करली, तीच ती सारी बोलतात. म्हणजे रुळांची रुंदी आधी ठरली. त्याच इंटरनेटवर चालणाऱ्या निरोपांच्या सेवा मात्र आपापले कुंपण घालून बसल्या. एकीवरचा निरोप सहसा दुसरीवर जात नाही. म्हणून एकाच माणसाला चार ठिकाणी खाते उघडावे लागते. ही आधुनिक हमालीच झाली. युरोपात २०२२ च्या कायद्याने बड्या सेवांना, धाकट्यांनी मागितल्यास, सांधा देणे भाग पाडले आहे.

मग स्पर्धा नकोच काय, असे कोणी विचारील. हवी, भाड्यात हवी, वक्तशीरपणात हवी, गिऱ्हाइकाशी बोलण्याच्या रीतीत तर अवश्य हवी. सांध्यावर मात्र ती नको. तिथे लढणाऱ्यांत धाकटा आधी मरतो, आणि त्याच्या फाट्यावरची गावे थोरल्यालाही गमवावी लागतात.

शकुंतलेचे रूळ रुंद करा, ही मागणी वऱ्हाडात जुनी आहे. लोक मागतात ते साडेपाच फुटांचेच.