प्रिन्स्टनमधली सर्वधर्मीय प्रार्थना

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात पदवीदानाच्या आधी ‘बॅकलॉरिएट’ नावाची प्रार्थनासभा भरते. इथल्या अशा भाषणाची सर्वांत जुनी नोंद 1760 सालची. अध्यक्ष सॅम्युअल डेव्हिस बोलले होते आणि समोर पदवीधर होते अवघे 11! प्रेस्बिटेरियन मंडळींनी उभारलेलं हे कॉलेज; साहजिकच प्रवचन ख्रिस्ती वळणाचं.

आता चित्र वेगळं आहे.

1928 मध्ये खुल्या झालेल्या भव्य दगडी चॅपेलमध्ये काळे झगे घातलेले विद्यार्थी जमतात आणि निरनिराळ्या धर्मांच्या, तत्त्वपरंपरांच्या प्रार्थना व उतारे वाचले जातात. प्रमुख वक्ता धर्मगुरूच हवा, असंही नाही. 2012 मध्ये लेखक मायकेल लुईस बोलले, तर 2010 मध्ये अ‍ॅमेझॉनचे जेफ बेझोस. दोघंही इथलेच माजी विद्यार्थी. सिगारेटींमुळे आजीचं आयुष्य किती वर्षांनी घटलं, याचा हिशेब लहानपणी आपण मांडला आणि तिला रडू कोसळलं, हा किस्सा बेझोस यांनी तेव्हा सांगितला.