पोटातील कळ आणि वेळेवरची शस्त्रक्रिया



पोटात कळ आली की ग्रामीण भागात आजही कित्येक घरांतून प्रथम एरंडेलाची बाटली काढली जाते. साध्या बद्धकोष्ठात हा उपाय चालून जातो. परंतु डायव्हर्टिक्युलायटिससारख्या विकारात तोच घातक ठरण्याचा संभव असतो.

मोठ्या आतड्याच्या भित्तिकेत रक्तवाहिन्या शिरतात त्या दुबळ्या जागी लहान पिशव्यांसारखे फुगवटे येतात. उतारवयात ते अनेकांना असतात व बहुतेकांना त्रास देत नाहीत. पाश्चात्त्य देशांत ते प्रामुख्याने डाव्या बाजूस, तर आशियाई देशांत उजव्या बाजूसही आढळतात. त्यामुळे अपेंडिक्सच्या आजाराचा भास होतो. एखादा फुगवटा सुजून फुटला, म्हणजे गळू होते किंवा पू व मळ पोटाच्या पोकळीत पसरतो.

१९७८ साली हिंची व त्यांच्या सहकाऱ्यांनी या गुंतागुंतीच्या चार पायऱ्या सांगितल्या. पहिल्या दोन पायऱ्यांत गळू आतड्यालगत किंवा ओटीपोटात असते. लहान गळू प्रतिजैविकांनी बरे होऊ शकते. मोठ्या गळवातील पू सी. टी. स्कॅनच्या साहाय्याने त्वचेतून नळी घालून काढतात. तिसऱ्या पायरीत पू आणि चौथ्या पायरीत मळ सर्वत्र पसरतो. तेथे तातडीच्या शस्त्रक्रियेवाचून सहसा गत्यंतर नसते.

फ्रेंच शल्यचिकित्सक हार्टमन यांनी १९२१ साली कर्करोगासाठी वर्णिलेली शस्त्रक्रिया येथे उपयोगी पडली. रोगट भाग काढून खालचे टोक बंद करतात व वरचे पोटावर आणतात. मळ पिशवीत जमतो. रुग्णाची प्रकृती स्थिर असल्यास आतडे त्याच वेळी जोडणेही आता अनेकदा शक्य होते.

पोटावरील पिशवीच्या कल्पनेनेच पुष्कळ कुटुंबे संमती देण्यास कचरतात. पिशवी लावून रोजचे व्यवहार करता येतात, आणि काही महिन्यांनी सर्वांचे नसले तरी अनेकांचे आतडे पुन्हा जोडता येते. पोटात पसरलेला मळ मात्र वाट पाहत नाही.

कोल्हापुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे. गगनबावड्याहून ते सुमारे ५५ किलोमीटरवर आहे. हे अंतर काही तासांत कापता येते. घरगुती उपचारांत दवडलेले दोन दिवस भरून काढता येत नाहीत. कळ थांबत नसेल, ताप व उलट्या असतील, पोट फळीसारखे ताठ झाले असेल, तर जुलाबाचे औषध न देता रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे, हेच हिताचे.