वागळे बोलू लागला, तेव्हा



आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ कधी बोलला नाही. चौकटीचा कोट, धोतर, चष्मा आणि सदैव थक्क मुद्रा एवढ्या भांडवलावर १९५१पासून पाच दशकांहून अधिक काळ तो देशाचा कारभार निमूट न्याहाळत राहिला. व्यंगचित्राला मौन शोभते, मालिकेला ते परवडत नाही. म्हणूनच १९८८ साली दूरदर्शनवर ‘वागले की दुनिया’ आली, तेव्हा लक्ष्मण यांनी त्या मूक गृहस्थाला बोलके न करता त्याच्याच कुळातला दुसरा माणूस पुढे केला. हा श्रीनिवास वागळे, विक्री विभागातला एक कारकून! (हिंदीत जाताना बिचाऱ्याचा ‘ळ’ तेवढा गळाला.)

दिग्दर्शक होते ‘जाने भी दो यारो’चे कुंदन शाह. वागळेंची भूमिका करणारे अंजन श्रीवास्तव स्वतः बँकेत नोकरी करीत. ती ओशाळी लगबग त्यांना मुद्दाम शिकावी लागली नसावी. राधिका झाल्या होत्या माणिक वर्मांच्या कन्या भारती आचरेकर.

कॉमन मॅन नुसता पाहतो, म्हणून तो निष्कलंक राहतो. वागळेला मात्र जगायचे असते. तो साहेबाला भितो, शेजाऱ्यापुढे मोठेपणा मिरवू पाहतो, क्वचित आडवाटेचा मोहही त्याला होतो आणि अंगातले सचोटीचे वळण आडवे येते. पुढे २००१मध्ये ‘ऑफिस ऑफिस’मधल्या मुसद्दीलालनेही सामान्य माणसाचे हाल दाखविले, परंतु तिथे दोष सदैव टेबलापलीकडच्या बाबूचा. वागळेत तो निम्मा आपल्याच घरात होता. मध्यमवर्गाने स्वतःला हसण्याइतका मोकळेपणा त्या काळी दाखविला, हे विसरता कामा नये.

फेब्रुवारी २०२१मध्ये सोनी सबवर वागळेंची पुढची पिढी आली. सुमीत राघवन यांचा राजेश कर्ता झाला, तर अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर त्याच नावांनी आजी-आजोबा होऊन परतले. लक्ष्मण त्याआधीच, २६ जानेवारी २०१५ रोजी, पुण्यात निवर्तले होते. नवे वागळे नेक आहेत, घर नांदते आहे. पण अनेक भागांच्या अखेरीस संस्काराची पुडी हाती ठेवली जाते. संस्कारांचे मोल कोण नाकारील? तथापि जुना वागळे उपदेश करीत नसे. तो फजीत होऊन घरी येई, आणि राधिकेला काय सांगावे या विवंचनेत पडे.