बोअर जुळला म्हणजे पिस्टन जुळला का?

आजचा भाग कोडिंगवर नाही, गॅरेजवर आहे. प्रश्न साधा आहे: गाडीचं इंजिन बांधताना दुसऱ्या इंजिनाचे पिस्टन टाकता येतात का? उत्तर 'हो' पण आहे आणि 'नाही' पण. ते कशावर ठरतं, तेवढं आज बघू. घरात जुनी डिझेल गाडी असेल तर शेवटपर्यंत ऐका.

मी माजलगावचा. बी.टेक. करून सॉफ्टवेअरमध्ये गेलो, पण काकांची ट्रॅक्स अजून गावाकडच्या रस्त्यावर चालते. आमच्या भागात ट्रॅक्स म्हणजे लग्नाचं वऱ्हाड, बाजाराचा दिवस, ऊसतोडीला निघालेली माणसं आणि अर्ध्या रात्री बीडला न्यायचा पेशंट. ती उभी राहिली की काकांचं घर उभं राहतं.

मागच्या वर्षी तिनं ऑइल खायला सुरुवात केली. धूर मारायची, सकाळी सुरू व्हायला रडायची. मिस्त्रींनी इंजिन उघडलं, पिस्टन गेलेले. बरोबरचा सेट यायला चार-पाच दिवस लागणार होते. पण त्याच बोअरचा, दुसऱ्या इंजिनाचा सेट लगेच मिळत होता, तोही बराच स्वस्त. काका म्हणाले, "मिस्त्री, बसतंय ना? मग टाका. चार दिवस गाडी उभी ठेवून हप्ता कोण भरंल?"

काकांचं चुकीचं नव्हतं. म्हणून आधी ह्या इंजिनाचं घराणं समजून घेऊ.

ट्रॅक्स पुण्याच्या बजाज टेम्पोची. २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं. जुन्या ट्रॅक्समधलं २.४ लिटरचं डिझेल इंजिन मुळात मर्सिडीजचं, ओएम ६१६. जर्मनीत ते १९७३ मध्ये २४०डी ह्या कारमध्ये आलं. म्हणजे आपल्याकडे शेळ्या, गाठोडी आणि पंधरा माणसं ओढणाऱ्या जीपचं हृदय मर्सिडीजचं आहे!

ह्या ६१६ चा एक मोठा भाऊ आहे, ओएम ६१७. ह्याला चार सिलिंडर, त्याला पाच. पण दोघांचा बोअर आणि स्ट्रोक एकच. म्हणजे एकाचा पिस्टन दुसऱ्याला चालावा असं वाटणं अगदी वेडेपणाचं नाही. कंपन्या एकाच मापावर दोन-तीन इंजिनं काढतात, आणि मिस्त्री लोकांचा "त्याचा ह्याला बसतो" हा अनुभव तिथूनच येतो.

पण इथंच गंमत आहे. सुरुवातीला ह्या इंजिनाचा बोअर ९१.० मिमी होता, म्हणून ते २४०४ सीसी. पुढे बोअर ९०.९ झाला आणि इंजिन २३९९ सीसी. फरक किती? ०.१ मिमी, साध्या कागदाच्या जाडीइतका. पण पिस्टन आणि सिलिंडरमधली फटच मुळात मिलिमीटरच्या काही शतांशांची असते. त्या हिशोबात कागद म्हणजे भिंत. मोठा पिस्टन बारीक बोअरमध्ये जाम होईल. बारीक पिस्टन मोठ्या बोअरमध्ये खडखडेल आणि परत ऑइल खाईल. नाव तेच, घराणं तेच, तरी व्हर्जन वेगळं.

बरं, बोअर तंतोतंत जुळला असं धरू. आता खरं माप. गजन पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची. हे माप दुकानात सहसा कुणी विचारत नाही, आणि खेळ सगळा इथं आहे.

हिशोब करून बघू. ट्रॅक्सचा एक सिलिंडर ६०० सीसीचा. कॉम्प्रेशन २१ ला १. म्हणजे पिस्टन पूर्ण वर गेल्यावर हवेला उरते फक्त ३० सीसी जागा, दोन पोह्याच्या चमच्यांइतकी. आता पिस्टन १ मिमी बुटका निघाला, तर ही जागा साधारण साडेसहा सीसीनं वाढते. कॉम्प्रेशन २१ वरून थेट साडेसतराच्या खाली! डिझेलला स्पार्क प्लग नसतो, हवा दाबून तापते म्हणूनच ते पेटतं. दाब कमी, तर डिसेंबरच्या सकाळी गाडी सुरूच होणार नाही, आणि झाली तरी पांढरा धूर. उलट १ मिमी उंच निघाला, तर पिस्टन हेडवर नाही तर व्हॉल्व्हवर आपटणार.

काही जण म्हणतात, हेड घासून भरून काढू. पण ह्या इंजिनाचा कॅमशाफ्ट हेडमध्ये आहे आणि चेनवर फिरतो. हेड घासलं की टायमिंग सरकतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. एक बग झाकायला दुसरे दोन.

अजून तीन गोष्टी. माथ्याचा आकार, कारण डिझेल कसं जळतं ते त्यावर आहे. वजन, कारण ४००० आरपीएमला पिस्टन सेकंदाला ६६ वेळा वर-खाली होतो. चौघांच्या वजनात फरक असेल तर इंजिन थरथरतं. आणि थंड करायची सोय. ६१७ च्या टर्बो मॉडेलमध्ये पिस्टनवर खालून ऑइलचा फवारा मारलेला असतो. असा पिस्टन फवारा नसलेल्या इंजिनात टाकताना बोअर आणि स्ट्रोक जुळले एवढ्यावर जाऊ नका.

मग काकांच्या गाडीचं काय झालं? मी मिस्त्रींना एवढंच विचारलं, "जुना आणि नवा शेजारी ठेवून मोजायचं का?" त्यांनी व्हर्नियर काढला. बोअर बरोबर. गजन पिन बरोबर. उंची मिलिमीटरभर कमी. मिस्त्रींनी स्वतःच सेट डब्यात परत ठेवला आणि म्हणाले, "बसला असता. चालला नसता."

गाडी पाच दिवस उभी राहिली. काकांची एक लग्नाची वर्दी गेली, आणि दोन दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. तो तोटा खरा होता. पण इंजिन दुसऱ्यांदा उघडायला लागलं असतं, तर मजुरी, गॅस्केट, ऑइल सगळं परत, आणि तेही भर ऊसतोडीत.

म्हणून मंडळी, गॅरेजमध्ये "बसतो का?" विचारू नका. पाच मापं विचारा: बोअर, गजन पिनची जाडी, पिनपासून माथ्याची उंची, माथ्याचा आकार, वजन. पाचही जुळली आणि थंड करायची सोयही तीच असेल, तर दुसऱ्या इंजिनाचा पिस्टन खुशाल टाका. तरीही शेवटची खात्री करा. पिस्टनच्या माथ्यावर मऊ सोल्डरची तार ठेवा, हेड कसा, इंजिन हातानं एकदा फिरवा आणि चेपलेली तार मोजा. वर किती जागा उरली ते तार सांगते. आणि चांगला मिस्त्री मोजायला सांगितल्यावर चिडत नाही.

पुढच्या भागात इंजेक्टरवर बोलू. तोवर राम राम!